अकरा जणी मिळून आल्या की वकील का मिळत नाही?

प्रति,
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण,
तसेच विदर्भातील सर्व जिल्हा व तालुका वकील संघांचे पदाधिकारी आणि सभासद

सप्रेम नमस्कार.

पैनगंगेच्या अलीकडे, कापूसपट्ट्यातल्या एका तालुक्यात आमची छोटी नोंदणीकृत संस्था आहे आणि मी तिची सचिव आहे. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. कुण्या एका कार्यालयाची किंवा माणसाची तक्रार करण्यासाठी हे पत्र नाही आणि पुढे ज्यांचा उल्लेख येईल त्यांच्यावर माझा राग नाही. छोट्या संस्थांना त्यांच्या कागदपत्रांसाठी मोफत कायदेशीर मदत मिळावी, एवढंच मागणं आहे. त्यासाठी बंद पाकिटातून दोन पत्रं पाठवून पाहिली. उत्तर आलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

गेल्या महिन्यात शेजारच्या गावातल्या बायकांनी आपली संस्था बंद करायचं ठरवलं. चौदा वर्षं त्यांनी पोरांची रात्रीची अभ्यासिका चालवली. वीज नसली तर कंदील लावून चालवली. त्यांच्या खात्यात थोडे पैसे आहेत, पण सही करणाऱ्या दोघींपैकी एक वारली, दुसरी लेकीकडे राहायला गेली, आणि नव्या सह्या बँक घेत नाही. मी गेले तेव्हा त्यांच्या अध्यक्ष अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, कामानं नाही थकलो आम्ही. कागदानं थकवलं." मग मला त्यांना सांगावं लागलं की संस्था बंद करायची तरी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे निदान तीन पंचमांश सभासदांचा ठराव लागतो, आणि देणी देऊन जे उरेल ते सभासदांत वाटून घेता येत नाही, तशाच दुसऱ्या संस्थेला द्यावं लागतं. त्यांनी सूप खाली ठेवलं. "म्हंजे बंद कराले बी वकीलच लागते काय?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असावं असं मला वाटतं.

आधी आमचं सांगते. २००९ साली आम्ही अकरा जणींनी संस्था नोंदवली. सात जणी कोलाम पोडावरच्या (पोड म्हणजे कोलामांची वस्ती), चौघी शेतकरी नवऱ्याच्या मागे राहिलेल्या. देशी तूर, ज्वारी, वाल यांचं बियाणं राखून ठेवायचं आणि पेरणीला द्यायचं, हे मूळ काम. त्याला लागून बाकीचं येतच गेलं: संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज, सातबाऱ्यावर वारसांची नावं चढवणं, पोरींना आश्रमशाळेत पोचवणं. वर्षाची उलाढाल कधी अडीच लाख, कधी चार. पगार कुणालाच नाही. दुसऱ्यांचे कागद आम्ही तलाठ्यापासून तहसीलपर्यंत नेऊन पूर्ण करून आणतो. आमचे स्वतःचे मात्र अर्धवट राहिले, आणि ते मला मनापासून लागतं.

२०१६ च्या पावसाळ्यात आमच्या पहिल्या अध्यक्ष तापानं गेल्या. तेरवी झाल्यावर आम्ही सभा घेतली, नवी अध्यक्ष निवडली, प्रोसिडिंग बुकात ठराव लिहिला, सह्या आणि अंगठे घेतले. आमच्या लेखी काम झालं होतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली असा प्रत्येक बदल ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो, त्यालाच चेंज रिपोर्ट म्हणतात, हे आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. नोंदणी करून देणाऱ्यानं सांगितलं नाही, दरवर्षी हिशेब तपासणाऱ्यानंही नाही.

सात वर्षांनी एका कंपनीची माणसं आली. आमचं काम पाहून बियाण्यासाठी पक्कं कोठार बांधून द्यायला तयार झाली. त्यांनी परिशिष्ट एकचा उतारा मागितला, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या वहीत आमच्या संस्थेची आणि पदाधिकाऱ्यांची जी नोंद आहे तिची प्रत. सकाळी साडेसहाची एसटी धरून मी जिल्ह्याला गेले, अर्ज केला, आणि तिसऱ्या खेपेला उतारा हातात आला. खिडकीशी उभं राहून वाचला. अध्यक्ष म्हणून त्याच बाईंचं नाव होतं, ज्यांच्या मयतीला मी गेले होते. खाली आणखी दोन नावं, एक वारलेली, एक गाव सोडून गेलेली. माझं नाव कुठेच नव्हतं. म्हणजे सात वर्षं मी ज्या सह्या केल्या, जे अर्ज दिले, ते सरकारच्या वहीप्रमाणे कुणी तिऱ्हाईत बाई करत होती.

पुढचं तुम्हा वकील मंडळींना माहीत आहे, पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते. एक बदल नोंदायचा राहिला की त्यानंतरचे सगळे त्याच्यावर अडतात. २०१६ चा मंजूर झाल्याशिवाय २०१९ च्या निवडणुकीचा कसा होणार, आणि तो झाल्याशिवाय २०२२ चा कसा? प्रत्येकासाठी वेगळा अर्ज, प्रत्येकासोबत विलंब माफीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, संमतिपत्रं, मृत्यूचा दाखला, ठरावाची प्रत, सभेच्या नोटिशीची पोच. ह्या पोचेवर मी रात्र रात्र विचार केला आहे. पोडावर सभेची नोटीस म्हणजे आदल्या संध्याकाळी एकीनं घरोघर जाऊन सांगायचं, "उद्या दुपारी या, वही घेऊन सचिवबाई येणार हाये." सगळ्या येतात. आमच्या सभेला गणपूर्ती झाली नाही असं कधी घडलं नाही. पण त्याचा कागद नाही, आणि कागद नाही म्हणजे सभाच झाली नाही असं कुणी म्हटलं तर ते खोडायला माझ्याकडे काही नाही. वही होती, तीसुद्धा पत्र्याच्या पेटीत. २०१७ आणि २०१८ ची पानं उधळीनं खाल्ली. मी ती पानं पोळीसारखी तळहातावर उचलून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली आहेत. त्यातल्या एका तुकड्यावर निळ्या शाईचा एक अंगठा तेवढा शाबूत आहे.

जिल्ह्याच्या एका वकिलांनी तिन्ही रिपोर्टांचे मिळून सत्तावीस हजार सांगितले. ते काही वावगं मागत नव्हते. त्यांना टायपिंग आहे, तारखा आहेत, घर आहे. पण सत्तावीस हजारांत आमचं वर्षाचं सगळं बियाणं होतं. कंपनीच्या माणसांनी मार्चअखेरपर्यंत वाट पाहिली. त्यांचाही नाइलाज होता. कोठार दुसऱ्या जिल्ह्यात गेलं.

दुसरी गोष्ट आयकराची. बारा ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलतीची नोंदणी) आणि ऐंशी जी (देणगीदाराला करसवलतीची) हे शब्द आमच्याकडे आता दवाखान्यातल्या गोळ्यांसारखे तोंडात बसले आहेत, पण त्यांचा अर्थ सांगणारं कुणी नाही. २०२१ पासून सगळ्या जुन्या संस्थांना फेरनोंदणी करावी लागली. त्याची मुदत वाढत वाढत ३० जून २०२४ पर्यंत गेली. त्याच काळात, १ एप्रिल २०२१ पासून, कंपन्यांचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा) निधी घ्यायचा तर सीएसआर-१ ची नोंदणी सक्तीची झाली, आणि तिला पुन्हा बारा ए, ऐंशी जी लागतंच. आमचं हे काम तालुक्यातला एक एजंट करत होता. पोर्टलवर आमच्या संस्थेच्या नावापुढे मोबाइल नंबर त्याचा आणि ईमेलही त्याचाच. ओटीपी त्याला जायचा, नोटिसा त्याला यायच्या. तो पुण्याला गेला, नंबर बदलला, आणि आमच्याच संस्थेचं दार आम्हाला बाहेरून बंद झालं. दोन वर्षं आलेल्या नोटिसा आम्ही पाहिल्यासुद्धा नाहीत. पासवर्ड संस्थेजवळ असावा, ही पाच मिनिटांत शिकवण्यासारखी गोष्ट आहे. ती आम्हाला कुणी शिकवली असती तर एवढंच एक संकट तरी टळलं असतं.

ऐंशी जी असलेल्या संस्थेनं देणग्यांचं विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरायचं असतं, उशिराला दिवसाला २०० रुपये लागतात. निंदणाला गेलेल्या बाईच्या रोजीच्या जवळ जाणारा हा आकडा आहे. उलट २०२५ च्या वित्त कायद्यानं छोट्या संस्थांना चांगली सवलत दिली: आधीच्या दोन्ही वर्षांत उत्पन्न पाच कोटींच्या आत असेल तर नोंदणी पाचऐवजी दहा वर्षांसाठी मिळते. मला हे कुठून कळलं? भाचीच्या लग्नात जेवायला शेजारी बसलेल्या एका सीए मुलीकडून. दंडाची बातमी उशिरा आणि सवलतीची बातमी योगायोगानं, अशा रीतीनं कायदा आमच्यापर्यंत येतो. आता १९६१ चा आयकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा, म्हणजे पाठ केलेले कलमांचे नंबरही बदलले.

तिसरी, घटनेची. आमच्या संस्थेची घटना कुण्या शिक्षण संस्थेच्या घटनेची झेरॉक्स आहे. उद्देशांत बालवाडी, हायस्कूल, कनिष्ठ महाविद्यालय, वसतिगृह, सगळं आहे. बियाणं नाही, शेती नाही, एकल महिला नाहीत. तालुक्यातल्या आणखी चार संस्थांच्या घटना मी पाहिल्या, टायपिंगच्या चुकांसकट त्याच आहेत. उद्देश बदलायचा तर संस्था नोंदणी कायद्याच्या कलम १२ प्रमाणे खास सभा, तीन पंचमांश मतं, आणि एक महिन्यानं दुसरी खास सभा, तिथेही तीन पंचमांश. पेरणीत किंवा वेचणीत अशा दोन सभा लावून दाखवा, असं मी कुणालाही म्हणेन. नियम वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. उद्देश कुणी रातोरात बदलू नये म्हणून तो आहे, हे मला समजतं. पण पहिल्याच दिवशी कुणी आमच्याजवळ तासभर बसून विचारलं असतं, "बायांनो, तुम्ही नेमकं करणार काय?" तर आज ही वेळ आली नसती.

आता ज्यामुळे हे पत्र लिहायला बसले ते. ९ नोव्हेंबर हा राष्ट्रीय विधी सेवा दिन. त्या सुमारास एका तालुक्याच्या गावी कायदेविषयक शिबिर होतं. आम्ही सहा जणी गेलो. कौटुंबिक हिंसाचार, पोटगी, लोकअदालत, सगळं नीट समजावून सांगितलं, आमच्या दोघींना त्याचा उपयोगही झाला. शेवटी मी उठून चेंज रिपोर्टबद्दल विचारलं. उत्तर सभ्यपणे आलं: "मॅडम, मोफत सल्ला व्यक्तीला आहे, संस्थेला नाही. केस असेल तर या."

परत येताना एसटीत मी तेच मनात घोळवत होते. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, त्याचं कलम १२. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जमातीला उत्पन्नाची अट नाही. आमच्या अकरा जणी वेगवेगळ्या आल्या तर अकरा जणींना मोफत वकील मिळू शकतो. त्याच अकरा जणी एकत्र येऊन, सरकारकडे नाव नोंदवून, गावासाठी काही करायला निघाल्या की त्यांना एकही वकील मिळत नाही. कोलाम ही केंद्र सरकारनं विशेष असुरक्षित ठरवलेली जमात आहे. तिच्यातल्या बायका संघटित झाल्या, ही गोष्ट त्यांच्या विरोधात जावी का?

आणि त्याच कायद्याच्या कलम २ मध्ये 'विधी सेवा' या शब्दाची व्याख्या वाचली तर तीत कोर्ट-कचेरीच्या कामासोबत कोणत्याही कायदेशीर बाबीवर सल्ला देणंही आहे, आणि न्यायालयाबरोबर इतर प्राधिकरणांपुढचं कामही आहे. मी वकील नाही. चूक असेन तर दाखवून द्या. पण 'केस असेल तर या' हे उत्तर मला त्या व्याख्येत दिसत नाही. आमची केस होऊ नये म्हणूनच तर आम्ही आलो होतो. संविधानाचा ३९ क हा अनुच्छेद १९७६ च्या दुरुस्तीनं आला. आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेमुळे कुणी न्यायाला मुकू नये, असं तो राज्याला सांगतो. अध्यक्ष वारल्यावर ९० दिवसांत काय करायचं हे न कळणं, ही दुर्बलताच आहे.

एक आक्षेप मला ठाऊक आहे, तो तोंडावर ऐकला आहे: अर्ध्या संस्था बोगस, त्यांना फुकट मदत कशाला? बोगस संस्था आहेत. आमच्या तालुक्यात मी त्या पाहिल्या आहेत. एक सांगते, त्यांचे कागद चोख असतात. चेंज रिपोर्ट वेळेवर, ऑडिट वेळेवर, फोटो रंगीत. कारण त्यांच्याकडे कागदाशिवाय दुसरं कामच नसतं आणि माणूस ठेवायला पैसा असतो. अडकतात त्या दिवसभर रानात असलेल्या बाया. तुम्ही तपासून मदत करा, हिशेबाच्या वह्या पाहा, गावात येऊन विचारा, आम्हाला त्याचं वाईट वाटणार नाही.

कायदा शिकायला आमचं खेड्यातलं माणूस कमी पडतं, असंही कुणी समजू नये. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा घ्या. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळवणारं ते गाव, आणि २०११ मध्ये आपला बांबू आपण विकणारं. त्याच्या मागे गावातले अभ्यास गट होते. लोक एकत्र बसून कायदा वाचायचे, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचे, प्रश्न विचारायचे, आणि निर्णय मात्र ग्रामसभेत सगळ्यांच्या सहमतीनं घ्यायचे. जाणकारानं गावाच्या वतीनं ठरवायचं नाही, गावाला समजेपर्यंत बसायचं. आम्हाला हव्या असलेल्या प्रशिक्षणाचा नमुना आमच्याच विदर्भात आहे. हॉटेलात घेतलेल्या, पडद्यावर इंग्रजी दाखवणाऱ्या कार्यशाळांना मी दोनदा गेले आहे. पिशवी मिळाली, पेन मिळालं, माझा एकही अर्ज भरला गेला नाही.

म्हणून आमचं मागणं साधं आहे.

प्राधिकरणानं एक परिपत्रक काढावं: ज्या नोंदणीकृत संस्थेचे बहुसंख्य सभासद विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये बसतात आणि जिची वर्षाची उलाढाल, समजा, पाच लाखांच्या आत आहे, तिला पॅनेलवरच्या वकिलांचा सल्ला आणि अर्ज भरायला मदत मोफत मिळेल. सगळ्याच संस्थांना द्या असं आम्ही म्हणत नाही. ज्यांना परवडतं त्यांनी फी द्यावी.

तालुका विधी सेवा समितीत महिन्यातून एक दिवस संस्थांसाठी ठेवावा, तोही बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी बाया तशाही गावाला येतात, वेगळं भाडं पडत नाही. विधी स्वयंसेवकांना तुम्ही प्रशिक्षण देताच. त्यात चेंज रिपोर्ट, परिशिष्ट एक, सभेची नोटीस आणि पोच, प्रोसिडिंग लिहिणं, एवढ्या चार गोष्टी घाला.

मराठीत एक पुस्तिका काढा, चाळीस पानांची पुरे. कायद्याचे उतारे नकोत. भरलेले नमुने द्या. अध्यक्ष वारली तर हा अर्ज असा भरायचा, निवडणूक झाली तर हा असा. मागे बारा महिन्यांचं एक पान, कोणत्या महिन्यात काय भरायचं त्याचं. ते पान आम्ही भिंतीला लावू.

वर्षातून दोनदा, फेब्रुवारी ते मे या काळात, तालुक्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्या. जूनमध्ये पेरणी, दसऱ्यापासून वेचणी, तेव्हा कुणी येणार नाही. आमची स्वतःची पेटी, स्वतःच्या वह्या घेऊन येऊ द्या आणि उठताना निदान एक अर्ज पूर्ण होऊ द्या.

वकील संघांना माझी वेगळी विनंती आहे. ज्याला खरंच वकिलाची गरज आहे आणि पैसे नाहीत, त्याला आपल्या ऐपतीप्रमाणे मोफत मदत करणं हे वकिलाचं मोठं कर्तव्य आहे, असं तुमच्याच बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम सांगतात. प्रत्येक तालुक्यात पाच वकील आणि एक सीए मिळाले आणि एकेकानं वर्षाला दोन संस्था घेतल्या तरी पुष्कळ झालं. तुमच्यातले बरेच जण याच खेड्यांतून शिकून गेलात. कुणाची आई बचत गटात असेल, कुणाची मावशी आमच्यासारख्या एखाद्या संस्थेत. विधी महाविद्यालयांतल्या आणि नागपूरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या मुलामुलींना सुटीत आमच्याकडे पाठवा. राहायची सोय आम्ही करू, भाकरी-ठेचा मिळेल. उधळीनं खाल्लेल्या वहीतून सात वर्षांचा क्रम कसा लावायचा, हे त्यांनाही एरवी शिकायला मिळणार नाही.

शेजारच्या गावच्या बायांना मी अजून थांबवून ठेवलं आहे. बंद करायचा ठराव तोंडी झाला आहे, वहीत लिहिलेला नाही. आमची सर्वसाधारण सभा मार्चच्या दुसऱ्या रविवारी दुपारी एक वाजता पोडावरच्या समाजमंदिरात आहे, त्याही येणार आहेत. या वेळी नोटीस मी कागदावर लिहिली आहे आणि प्रत्येकीच्या नावापुढे तारखेसह सही नाहीतर अंगठा घेते आहे. ते बरोबर जमलं आहे का, एवढं पाहायला तरी तुमच्यापैकी कुणी एकानं त्या दिवशी यावं. एसटी फाट्यावर थांबते, तिथून पुढे घ्यायला मी स्वतः येईन.

आपली नम्र,
एका छोट्या संस्थेची सचिव